सोडिअमचा दुसरा इलेक्ट्रॉन एवढा महाग का?

संयुजा इलेक्ट्रॉन (बंधात भाग घेणारे बाहेरचे इलेक्ट्रॉन), आयन (इलेक्ट्रॉन दिल्याने किंवा घेतल्याने प्रभारित झालेले अणू) आणि आयनिक बंध यांबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरांतले ऊर्जेचे सगळे आकडे किलोज्यूल प्रति मोल या एककात आहेत.

प्रश्न : सोडिअमच्या शेवटच्या कवचात एक इलेक्ट्रॉन असतो, तो दिला की अष्टक पूर्ण होतं, असं पुस्तकात आहे. पण आठ झाले की पुरे, हे अणूला कळतं कसं? आणि एक दिला तसा दुसराही का देत नाही?
— नववीतली विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : अणूला काही कळत नाही आणि त्याला काही हवं-नकोही नसतं. 'सोडिअमला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो' हे वाक्य शिकवायला सोपं आहे, खरं नाही. सोडिअमच्या सुट्या अणूमधून बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायचा तर ४९६ इतकी ऊर्जा घालावी लागते. आपणहून तो सुटत नाही. दुसरा काढायला ४,५६२ लागतात, म्हणजे नऊपटीहून जास्त. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

एवढा फरक का, ते पाहू. सोडिअमचं इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे आतून बाहेर एकेका कवचातले इलेक्ट्रॉन, २, ८, १. केंद्रकात ११ प्रोटॉन असले तरी मध्ये दहा इलेक्ट्रॉनांचा पडदा असल्यामुळे बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनला जाणवणारा धनप्रभार जेमतेम सव्वादोनच्या आसपास असतो. दुसऱ्या कवचातल्या आठांच्या आड मात्र मुख्यतः आतले दोनच इलेक्ट्रॉन येतात, शेजारचे एकमेकांना फारसे झाकत नाहीत. त्यामुळे त्यांना जवळपास सात प्रभाराची ओढ बसते, शिवाय ते केंद्रकाच्या जवळही असतात. म्हणून बाहेरचा एक सुटतो आणि आतला धरून ठेवला जातो.

आता मॅग्नेशिअम (२, ८, २) घे. पहिला इलेक्ट्रॉन ७३८, दुसरा १,४५१, तिसरा ७,७३३. ॲल्युमिनिअमचे (२, ८, ३) आकडे ५७८, १,८१७, २,७४५ आणि चौथ्याला एकदम ११,५७७. साताऱ्याच्या भाषेत सांगायचं तर आधी चढ लागतो आणि मग समोर उभा कडा. कड्याच्या अलीकडे जेवढे इलेक्ट्रॉन, तेवढे संयुजा इलेक्ट्रॉन. या तिन्ही धातूंच्या आयनांवर १, २ आणि ३ प्रभार का असतो, ते यावरून ठरतं. कडा संपूर्ण भरलेल्या कवचाशी लागतो, म्हणून 'आठ' हा आकडा पुन्हा पुन्हा दिसतो. आठ हे कारण नाही, खूण आहे.

क्लोरीनचं (२, ८, ७) उलट. आठवा इलेक्ट्रॉन त्याच तिसऱ्या कवचात बसतो, तिथे केंद्रकाची ओढ सहाच्या घरात असते, म्हणून तो आल्यावर ३४९ ऊर्जा बाहेर पडते. नवव्याला मात्र चौथ्या कवचात जावं लागेल, तिथे ओढ उरलेलीच नसते आणि आयनावरचा ऋणप्रभार त्याला दूर ढकलतो. कार्बनचे चारही इलेक्ट्रॉन काढायला सुमारे १४,३०० लागतात. एवढी परतफेड कुठल्याच स्फटिकातून होत नाही, म्हणून कार्बन दुसऱ्या अणूंशी इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतो.

प्रश्न : सोडिअमकडून इलेक्ट्रॉन काढायला ४९६ खर्च आणि क्लोरीनने घेतल्यावर ३४९ परत, म्हणजे १४७ चा तोटा. मग क्लोरीन वायूत सोडिअम पिवळ्या ज्योतीने जळतं ते कशाच्या जोरावर? वर्गात हा हिशेब जुळवता येत नाही.
— विज्ञान शिक्षक, परभणी

उत्तर : तोटा तर याहून मोठा आहे. सोडिअम धातूच्या तुकड्यातून सुटे अणू करायला १०७ लागतात. क्लोरीनही वायूत जोडीने असतो, त्याचा एक मोल सुटा अणू मिळवायला १२२. एकूण खर्च १०७ + १२२ + ४९६ = ७२५. जमा ३४९. तूट ३७६.

ही तूट भरून निघते स्फटिक बांधला जाताना. वायुरूपातले सुटे धन आणि ऋण आयन एकत्र येऊन घन मीठ होताना ७८७ इतकी ऊर्जा बाहेर पडते, तिला जालक ऊर्जा म्हणतात. ७८७ मधून ३७६ वजा केले की ४११ उरतात, आणि प्रयोगात एक मोल मीठ तयार होताना तेवढीच उष्णता मोजली जाते. फळ्यावर ही बेरीज-वजाबाकी पाच ओळींत मांडता येते.

७८७ कुठून येतात, हे वरच्या वर्गाला जरूर सांगावं. सोडिअम आणि क्लोराइड आयनांची एकच जोडी स्फटिकातल्या २८२ पिकोमीटर अंतरावर आणली तर कूलोमच्या नियमाने सुमारे ४९३ मिळतात. पण स्फटिकात प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रभाराचे सहा शेजारी असतात, त्यापलीकडे समान प्रभाराचे बारा, मग पुन्हा विरुद्ध प्रभाराचे आठ. ही ओढाताण दूरवर मोजत गेलं की एका जोडीच्या १.७५ पट आकडा येतो, म्हणजे ८६० च्या आसपास. इलेक्ट्रॉनांचे ढग फार जवळ आल्यावर एकमेकांना रेटतात, तो भाग वजा होऊन ७८७ च्या जवळपास येतो.

म्हणून फळ्यावर ठिपके-फुल्या काढून सोडिअमकडून क्लोरीनकडे बाण दाखवला की तिथेच थांबू नये. बाण म्हणजे बंध, आणि ज्याने इलेक्ट्रॉन दिला त्याचा बंध फक्त घेणाऱ्याशीच, अशी समजूत मुलांच्या डोक्यात पक्की बसते. आयनाला कोण देणेकरी आणि कोण घेणेकरी याचा पत्ता नसतो, सहाही शेजारी त्याला सारखेच ओढतात.

मॅग्नेशिअम ऑक्साइडचा हिशेब याहून रंजक आहे. मॅग्नेशिअमचे दोन इलेक्ट्रॉन काढायला २,१८९ लागतात. ऑक्सिजनने पहिला इलेक्ट्रॉन घेतल्यावर १४१ मिळतात खरे, पण दुसरा ऋण आयनावर लादावा लागतो आणि दोन्ही मिळून सुमारे ६०० चा खर्चच येतो. म्हणजे वायूत सुटा −२ प्रभाराचा ऑक्साइड आयन टिकतच नाही. स्फटिकात मात्र दोन्हीकडे दुहेरी प्रभार, त्यामुळे ओढ चौपट, आणि अंतरही कमी. जालक ऊर्जा ३,७९० च्या घरात जाते आणि सगळा खर्च वसूल होतो. मीठ ८०१ अंशांना वितळतं, मॅग्नेशिअम ऑक्साइड २,८५२ अंशांना. पोलादाच्या भट्ट्यांना आतून त्याच्या विटा लावतात त्या याच गुणामुळे.

प्रश्न : मिठाचा एक रेणू किती मोठा असतो?
— वाचक, डोंबिवली

उत्तर : घन मिठात रेणू नसतोच. दाणाभर मीठ म्हणजे एकाआड एक रचलेले सोडिअम आणि क्लोराइड आयन. सूत्र फक्त त्यांचं एकास एक प्रमाण सांगतं. ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांनी ही रचना उलगडली, तरी जुन्या पिढीतल्या काहींच्या ती गळी उतरली नाही. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांनी तर १९२७ मध्ये 'नेचर'मध्ये पत्र लिहून या बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडणीची यथेच्छ टर उडवली होती. परीक्षेत 'मिठाचा रेणू' ऐवजी 'सूत्र एकक' लिहावं.

प्रश्न : लोहाच्या शेवटच्या कवचात दोनच इलेक्ट्रॉन आहेत. मग संयुजा कधी २ तर कधी ३ कशी? आणि अशा वेळी तिरपी अदलाबदल करून सूत्र कसं लिहायचं?
— दहावीचा विद्यार्थी, अकोला

उत्तर : लोहाचं संरूपण २, ८, १४, २. आकडे बघ : ७६२, १,५६२, २,९५७. चढ आहे, पण सोडिअमसारखा कडा नाही. चौथ्या कवचातले दोन गेल्यावर तिसऱ्या कवचातला एक इलेक्ट्रॉन परवडेल अशा किमतीत मिळतो, म्हणून फेरस (+२) आणि फेरिक (+३) दोन्ही आयन होतात. फेरिक आयनाच्या बाहेरच्या कवचात १३ इलेक्ट्रॉन उरतात. आठाचा इथे काही संबंध नाही.

हवेतला ऑक्सिजन फेरसचं फेरिक करत राहतो. फेरस सल्फेटचं फिकट हिरवं द्रावण प्रयोगशाळेत उघडं राहिलं की पिवळट-तपकिरी होतं ते त्यामुळे. द्रावण ताजं करावं आणि त्यात विरल सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब टाकावेत, म्हणजे ते जास्त टिकतं.

सूत्रासाठी आधी नाव वाच. फेरस असेल तर २, फेरिक असेल तर ३. मग अदलाबदल, म्हणजे एकाची संयुजा दुसऱ्याच्या खाली लिहायची, मग दोन्ही आकड्यांना एकाच संख्येने भाग जात असेल तर भाग : मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्ये २ आणि २ येतात, ते एकास एक होतात. एका ठिकाणी मात्र भाग द्यायचा नाही. सोडिअम पेरॉक्साइडच्या सूत्रात दोन सोडिअम आणि दोन ऑक्सिजन असतात, कारण तिथे दोन ऑक्सिजन मिळून −२ प्रभाराचा एकच मूलक (एकत्र राहणारा प्रभारित गट) आहे. तो मोडता येत नाही.

जाता जाता, धातू आणि अधातू दिसले की बंध आयनिकच, असंही धरू नये. निर्जल ॲल्युमिनिअम क्लोराइड १८० अंशांच्या आसपास वितळण्याऐवजी थेट वायू होतं. इवल्याशा +३ आयनाने क्लोरीनचा मोठा इलेक्ट्रॉन ढग इतका ओढून घेतलेला असतो की देणं-घेणं अर्ध्यावरच राहून भागीदारी होते.

प्रश्न : मिठाच्या पाण्यातून वीज जाते हे दाखवायला दोन पेन्सिल सेल, तांब्याच्या तारा आणि टॉर्चचा बल्ब लावला. बल्ब लागला नाही. मग एलईडी लावला, तोही नाही. चूक कुठे?
— शाळेच्या विज्ञान मंडळातर्फे, पणजी

उत्तर : पाण्यातून वीज जाते, तुमचे ३ व्होल्ट कमी पडतात. टॉर्चच्या बल्बला दोन-तीनशे मिलिॲम्पिअर लागतात, तेवढा प्रवाह पेलाभर पाण्यातून या दाबाने जात नाही. लाल एलईडीला थोडाच प्रवाह लागतो, पण १.८ ते २ व्होल्ट तो खातो आणि इलेक्ट्रोडवर आयनांचं विघटन व्हायला आणखी सव्वादोन. बेरीज चारच्या वर जाते.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, लाल एलईडी आणि त्याच्या ओळीत ४७० ओहमचा रोध घ्या. एलईडीचा लांब पाय धन बाजूला. तांब्याच्या तारा पाण्यात बुडवू नका. धन बाजूचं तांबं स्वतःच आयन होऊन विरघळू लागतं, पाणी गढूळ होतं आणि मुलांना वाटतं हा मिठाचा परिणाम. दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली वापरा, आतलं ग्राफाइट चालतं. पेलाभर पाण्यात ती दोन सेंटिमीटर अंतरावर उभी धरा.

आधी डिस्टिल्ड पाणी घ्या, गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळतं ते. एलईडी लागणार नाही. नळाच्या पाण्याने मंद लागेल, कारण त्यात कॅल्शिअम, मॅग्नेशिअमचे आयन आधीच असतात. बरेच प्रयोग इथेच फसतात, तुलनेला मूळ पाणीच चुकीचं घेतलेलं असतं. मग डिस्टिल्ड पाण्यात साखर घाला, फरक नाही. नवीन पेल्यात अर्धा चमचा मीठ घाला, लख्ख. कोरड्या मिठात पेन्सिली खुपसल्या तर पुन्हा काळोख, कारण आयन आहेत पण जागचे हलत नाहीत.

धन पेन्सिलीशी थोडा क्लोरीन निघतो. १० मिलिॲम्पिअरने मिनिटाला पाव मिलिग्रॅमहून कमीच, तरी खिडकी उघडी ठेवा आणि मिनिटभरात बॅटरी काढा. घरातल्या विजेवर हा प्रयोग कधीही करू नये.

प्रश्न : पावसाळ्यात जाडं मीठ पाझरतं, पुड्यातलं त्यामानाने कोरडं राहतं. दोन्ही मीठच ना?
— वाचक, रत्नागिरी

उत्तर : जाड्या मिठात मॅग्नेशिअम क्लोराइड असतं. मिठागरात समुद्राचं पाणी आटताना सोडिअम क्लोराइडचे दाणे आधी धरतात, मॅग्नेशिअम मागच्या कडू पाण्यात राहतं. दाणे ओढल्यावर नीट निथळले नाहीत की ते पाणी त्यांना चिकटून येतं.

मॅग्नेशिअमचे दोन इलेक्ट्रॉन गेलेले असतात, त्यामुळे आयन लहान, ७२ पिकोमीटर त्रिज्येचा, आणि प्रभार दुप्पट. सोडिअमचा आयन १०२ पिकोमीटरचा आणि प्रभार एक. पाण्याचे रेणू खेचून धरण्यात मॅग्नेशिअम त्याच्या साडेचारपटीहून जोरदार ठरतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ३३ टक्क्यांवर गेली की मॅग्नेशिअम क्लोराइड पाणी शोषून स्वतःच त्यात विरघळतं. शुद्ध मिठासाठी ही मर्यादा ७५ टक्के आहे. जुलैत कोकणातली हवा तीही ओलांडते, म्हणून उघडं राहिलं तर पुड्यातलंही ओलावतंच. त्यात सिलिकॉन डायऑक्साइडसारखा पदार्थ किंचित मिसळलेला असतो, त्याने दाणे चिकटत नाहीत इतकंच.

जाडं मीठ वापरायचंच तर टोपलीत किंवा चाळणीवर चार-पाच दिवस निथळू द्यावं, खाली जमणारं पाणी फेकावं आणि मग घट्ट झाकणाच्या चिनी मातीच्या बरणीत भरावं. डब्यात तांदळाचे दाणे टाकायचे तर आधी कोरडे भाजून घ्यावेत, आणि ते स्वतः ओल धरून मऊ झाले की बदलावेत.