अर्ज नेमका कुठे अडतो?

प्रश्न : लेखा विभागातला सहा वर्षांचा अनुभव आहे. पाच महिन्यांत दीडशेच्या वर अर्ज केले, फोन मात्र दोनच आले. अजून किती अर्ज करायचे?

उत्तर : संख्या वाढवू नका. फोनच येत नाहीत, म्हणजे अडचण मुलाखतीत नाही. ती बायोडेटात किंवा पदांच्या निवडीत आहे.

आधी फाइल तपासा. मोठ्या कंपन्यांत अर्ज बहुतेकदा सॉफ्टवेअरमधून पुढे जातो. ते मजकूर वाचून नाव, पद, तारखा वेगवेगळ्या रकान्यांत भरतं. दोन कॉलम, टेबल, टेक्स्ट बॉक्स असले की ते गोंधळू शकतं, हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर सुटू शकतो, आणि स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे त्याच्या लेखी अनेकदा नुसतं चित्र. बायोडेटातला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून पाहा. ओळी मागेपुढे झाल्या किंवा काही गायब झालं, तर एकाच कॉलमात साधा बायोडेटा नव्याने तयार करा.

मग मजकूर. ‘लेखा विभागाची जबाबदारी सांभाळली’ या ओळीतून काहीच कळत नाही. ‘दरमहा सुमारे 400 बिलांची नोंद, तीन खात्यांचं बँक रिकन्सिलिएशन, महिनाअखेरीचं काम 8 दिवसांवरून 5 दिवसांवर आणलं’ यातून कळतं. (रिकन्सिलिएशन म्हणजे बँकेच्या नोंदी आपल्या हिशोबाशी जुळवून पाहणं.) आकडे खरेच द्या, कारण मुलाखतीत त्यावरच खोदून विचारतात. जाहिरातीत मागितलेलं काम तुम्ही केलेलं असेल, तर जाहिरातीतलाच शब्द वापरा. भरती करणारे शब्द टाकून शोधतात. तिथे ‘रिकन्सिलिएशन’ आणि तुमच्याकडे ‘बँकेचा हिशोब’ असेल, तर तुमचं नाव वर येत नाही. पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवून भरण्याचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नका. मजकूर वेगळा काढला की ते शब्द उघडे पडतात आणि सोबत तुमची विश्वासार्हताही जाते.

मुख्य अटी जुळतात तिथेच अर्ज करा, आणि जाहिरात आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत करा. आठवड्याला आठ-दहा नीट जुळवलेले अर्ज पुरेत. कोणत्या पदाला कोणता बायोडेटा पाठवला आणि उत्तर काय आलं, याची नोंद ठेवा. महिन्याभराने तीच नोंद तुम्हाला दिशा दाखवेल.

प्रश्न : मुलाखतीला बोलावतात, पण पुढे काही होत नाही.

उत्तर : गाडी कोणत्या फेरीत अडते ते बघा. पहिल्या फोननंतरच थांबत असेल, तर बहुधा पगाराची अपेक्षा, रुजू होण्याची तारीख किंवा ठिकाण जुळत नाही. नंतरच्या फेऱ्यांत थांबत असेल, तर तुमची उदाहरणं कमी पडताहेत. कामातले पाच-सहा प्रसंग निवडा. त्यात एक फसलेल्या कामाचाही हवा. अडचण काय होती, तुम्ही स्वतः काय केलं, निष्पन्न काय झालं, एवढं दोन मिनिटांत सांगता यायला हवं. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. बहुतेकांचं दीड मिनिट अडचण सांगण्यातच जातं, आणि उरलेल्यात ‘आम्ही केलं’ असं येतं. टीमला श्रेय जरूर द्या, पण त्यात तुमचा वाटा कोणता हे समोरच्याला स्पष्ट कळू द्या.

प्रश्न : घरच्या आजारपणामुळे दोन वर्षं नोकरी नव्हती. हे लपवावं का?

उत्तर : नाही. तारखा ओढूनताणून जुळवल्या तर पडताळणीत पकडल्या जातात. ‘कौटुंबिक जबाबदारी’ एवढी एक ओळ लिहा. त्या काळात काही शिकलात, किरकोळ काम केलंत, तर तेही लिहा. आजारपणाचे तपशील देणं तुमच्यावर बंधनकारक नाही.

प्रश्न : ओळखीच्यांना नोकरीबद्दल विचारायला संकोच वाटतो. कसं विचारू?

उत्तर : ‘काही असेल तर सांगा’ असं म्हटलं की शोधायचं काम समोरच्यावर पडतं, म्हणून उत्तर येत नाही. नेमकं विचारा : ‘तुमच्या कंपनीत अमुक पदाची जाहिरात पाहिली. त्या टीमचं रोजचं काम कसं असतं, हे 15 मिनिटं फोनवर विचारू का?’ यात शिफारशीचं ओझं नाही, त्यामुळे लोक मोकळेपणाने बोलतात आणि पुष्कळदा शिफारशीचं स्वतःच सुचवतात. हा फोन अर्ज करण्याआधी करा. काही कंपन्यांत उमेदवाराचा अर्ज आधीच आलेला असेल, तर कर्मचाऱ्याची शिफारस धरत नाहीत.