सीईटीला ९४ पर्सेंटाइल, सोलापूरची मुलगी, खुला गट: सीओईपीत कॉम्प्युटर मिळेल का?

नाही, सीओईपीचं (पुण्याचं नावाजलेलं इंजिनिअरिंग कॉलेज) कॉम्प्युटर ९४ वर मिळणार नाही. खुल्या गटात ती ब्रँच ९९ च्याही वर बंद होते. हे अंदाजाने नाही, सीईटी सेलच्या कॅप राउंडच्या (केंद्रीय प्रवेश फेरीच्या) कटऑफ पीडीएफवरून सांगतोय. तुम्हीही गेल्या दोन-तीन वर्षांच्या पीडीएफ उघडा, पण नीट वाचा. प्रत्येक चौकटीत वरचा आकडा मेरिट नंबर असतो आणि खाली कंसात पर्सेंटाइल. बरेच पालक वरचाच आकडा बघून घाबरतात!

खरी गंमत कॉलममध्ये आहे. 'जीओपन' म्हणजे खुल्या गटाचा कॉलम; त्याच्या पुढे एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (बारावी जिथून झाली तिथलं विद्यापीठ), ओ म्हणजे बाहेरची. बारावी सोलापूर जिल्ह्यातून झाली असेल तर पुणे विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत तुमच्या मुलीसाठी ओ बघायचा, एच नाही. सोलापूरच्या वालचंद इन्स्टिट्यूटसारख्या कॉलेजात मात्र एच. मुलगी आहे, त्यामुळे एल ने (लेडीज) सुरू होणारे कॉलमही सोडू नका, आणि ईडब्ल्यूएसचा दाखला निघत असेल तर तोही कॉलम बघा.

कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म भरताना:
- वर चार-पाच स्वप्नातली कॉलेजं खुशाल टाका, त्याने काही बिघडत नाही
- मधे ९२ ते ९५ ला बंद झालेली
- खाली ८५-९० ची, पण खरंच जायची तयारी असेल तीच

एक लक्षात ठेवा, पहिल्या राउंडला पहिलाच पर्याय लागला तर सीट तिथेच फ्रीज होते, म्हणजे पुढच्या राउंडला बदलता येत नाही. आणि गेल्या वर्षीचा कटऑफ यंदा एक-दोन पर्सेंटाइल सहज इकडेतिकडे होतो, विशेषतः एआय-डेटा सायन्सचा.