एकाच रुग्णाच्या कागदांवर एफ२३, एफ३१ आणि ६ए६०: चूक नेमकी कोणाची?

ताई, धाकट्या भावाच्या पहिल्या डिस्चार्ज कार्डावर एफ२३, पुढच्या वर्षीच्या कागदावर एफ३१ आणि आता तिसऱ्या डॉक्टरांच्या छापील कागदावर ६ए६० असे लिहिलेले आहे, तर यांतले कोण चुकले, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. मनोविकार विभागात रुग्णांच्या कुटुंबीयांसोबत सामाजिक कार्यकर्ती म्हणून बरीच वर्षे काम केले आहे. आपण लिहिलेल्या हकिकतीवरून मला यांपैकी कोणीही चुकल्याचे दिसत नाही.

सर्वांत सोपा भाग आधी सांगते. हे क्रमांक जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी’ या वर्गीकरणातले आहेत. त्याच्या दहाव्या आवृत्तीत मनोविकार ‘एफ’ या अक्षराखाली येतात. अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये संमत झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात क्रमांकांची रचनाच बदलली. आपल्याकडे सध्या दोन्ही आवृत्त्यांचे क्रमांक कागदांवर आढळतात. एफ३१ म्हणजे बायपोलर विकार, म्हणजे कधी अति उत्साहाचे तर कधी नैराश्याचे झटके येणारा आजार, आणि ६ए६० म्हणजे बायपोलर विकाराचा पहिला प्रकार. त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या डॉक्टरांत मतभेद नाही, फरक आवृत्तीचा आहे.

खरा प्रश्न एफ२३ चे, म्हणजे तीव्र व अल्पकालीन मनोविकृतीचे, एफ३१ कसे झाले, हा आहे. मधुमेहाचे निदान रक्तातल्या साखरेवरून करता येते, तशी बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया (भास, भ्रम आणि विस्कळीत विचारांचा दीर्घकाळचा आजार) ठरवणारी कोणतीही तपासणी आज उपलब्ध नाही. भावाच्या थायरॉईडच्या आणि लघवीच्या तपासण्या केल्या, त्या शरीरातला दुसरा आजार किंवा नशेचा पदार्थ हे कारण नाही ना, याची खात्री करण्यासाठी. त्यानंतर डॉक्टरांच्या हाती उरतात ती लक्षणे, त्यांचा कालावधी आणि आजाराचा एकंदर प्रवास. यांतला प्रवास हा निकष फार जुना आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये गंभीर मनोविकारांचे जे दोन मोठे गट मांडले, ते मुख्यतः आजार पुढे कोणत्या वळणाने जातो हे पाहूनच: एकात माणूस हळूहळू खालावत जातो, तर दुसऱ्यात झटके येतात, ओसरतात आणि मधल्या काळात तो पूर्ववत होतो. आजचे स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर हे भेद त्याच मांडणीतून आले आहेत.

भारतातल्या डॉक्टरांना मात्र या दोन्हींत न बसणारे रुग्ण मोठ्या संख्येने दिसत असत. भास, संशय, असंबद्ध बोलणे हे सारे काही दिवसांतच उफाळून येई आणि काही आठवड्यांत रुग्ण पूर्ण बरा होऊन कामाला लागे. नरेंद्रनाथ विग यांच्यासारख्या भारतीय तज्ज्ञांनी हे आग्रहाने मांडले आणि दहाव्या आवृत्तीत तीव्र व अल्पकालीन मनोविकृतीला एफ२३ हे स्वतंत्र स्थान मिळाले. या गटासाठी आजार दोन आठवड्यांच्या आत उद्भवलेला असावा लागतो. आणि स्किझोफ्रेनियाची ठळक लक्षणे महिनाभराहून अधिक टिकली, तर निदान बदलावे असे त्या वर्गीकरणातच सांगितलेले आहे. म्हणजे पहिल्याच आठवड्यात दाखल झालेल्या रुग्णाच्या कागदावरचे हे नाव पुढे बदलू शकते, हे डॉक्टरांनी गृहीत धरलेले असते.

आता भावाचे पाहू. पहिल्या वेळी शेजारी आपल्याविषयी बोलतात असा संशय, चार-पाच रात्री जागरण आणि तीन आठवड्यांत पूर्ण सुधारणा. त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवर एफ२३ हेच योग्य होते. दुसऱ्या वेळी आठवडाभर जेमतेम दोन तास झोप घेऊनही न थकणे, अखंड बोलणे, उधार काढून तीन मोबाईल घेणे आणि आपल्याला मोठे पद मिळणार असल्याची खात्री. हे उन्मादाचे, म्हणजे मेनियाचे, स्पष्ट चित्र आहे. दहाव्या आवृत्तीत एकट्या उन्मादाच्या झटक्याला एफ३० म्हणतात आणि एफ३१ साठी मनःस्थितीचे किमान दोन झटके लागतात. त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांनी मागे वळून पहिला झटकाही उन्मादाचाच धरला असावा, असा माझा तर्क आहे. अकराव्या आवृत्तीत मात्र उन्मादाचा एक झटकाही ६ए६० साठी पुरेसा मानतात.

निकषांवर इतका भर का, हेही सांगायला हवे. न्यूयॉर्कमधले तज्ज्ञ ज्यांना स्किझोफ्रेनिया म्हणत, त्यांतल्या अनेकांना लंडनमधले तज्ज्ञ उन्माद-अवसादाचे, म्हणजे आज ज्याला बायपोलर म्हणतो त्याचे, रुग्ण ठरवत, हे १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दिसून आले. त्यानंतर ‘डीएसएम’ या मनोविकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेच्या १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीने लक्षणांची संख्या आणि मुदत नेमून दिली. त्यामुळे डॉक्टरांना एक सामाईक भाषा मिळाली, हे मला फार मोलाचे वाटते; पण आजाराचे मूळ कारण त्या भाषेतून कळत नाही, म्हणून क्रमांकाकडे अंतिम सत्य म्हणून पाहू नये.

‘हा शिक्का जन्मभर राहील का’ ही आपल्या आईंची भीती मी समजू शकते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ३ नुसार, पूर्वी उपचार घेतले किंवा रुग्णालयात दाखल केले होते, एवढ्याच कारणावरून कोणालाही आज किंवा पुढे मानसिक रुग्ण ठरवता येत नाही.

निदानातला हा बदल उपचारांसाठी मात्र महत्त्वाचा आहे. पहिल्या निदानात औषधे काही महिन्यांनी हळूहळू कमी करून थांबवण्याचा विचार होऊ शकतो; बायपोलरमध्ये लिथियमसारखी मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागू शकतात. म्हणून सध्याच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. पुढच्या भेटीला तिन्ही कागद तारखेच्या क्रमाने न्या आणि दोन्ही वेळी झोप कधीपासून कमी झाली, आधी काय बदलले, मनःस्थिती की संशय, आणि घरात आणखी कोणाला असे झाले होते का, हे एका कागदावर लिहून न्या. मग डॉक्टरांना स्पष्ट विचारा की पहिला झटका ते आता कशात धरतात, कारण औषधे किती काळ चालवायची हे ठरवताना त्या उत्तराचा मोठा वाटा असेल.