दुसऱ्या संशोधकाने दिलेली शाखा माझ्या वंशवृक्षात कशी जोडू?

थेट इम्पोर्ट करू नका. आधी स्वतःच्या वृक्षाचा बॅकअप घ्या, कारण एकदा दोन व्यक्ती मर्ज झाल्या, म्हणजे त्यांच्या नोंदी एकत्र झाल्या, की त्या पुन्हा वेगळ्या करणं बहुतेक प्रोग्रॅममध्ये महाकर्मकठीण असतं.

त्या संशोधकाकडून जेडकॉम फाइल (GEDCOM, वंशवृक्षाची माहिती एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेण्यासाठीची फाइल) मागवा आणि ती नव्या, रिकाम्या वृक्षात उघडा. ग्रॅम्प्ससारखा (Gramps) वंशवृक्षाचा मोफत प्रोग्रॅमही यासाठी पुरतो. नको असलेली माणसं तिथेच काढून टाका. मग दोन्ही वृक्षांत असलेला सामाईक पूर्वज शोधा. जोड तिथेच द्यायची.

खरं काम त्यापुढचं, ड्युप्लिकेट तपासण्याचं. प्रोग्रॅम नाव आणि जन्मसाल जुळलं की 'हीच ती व्यक्ती' असं सुचवतो, पण डोळे झाकून होकार देऊ नका. पूर्वी मूल लहानपणी दगावलं की पुढच्या भावंडाला तेच नाव देण्याची पद्धत अनेक समाजांत होती. १८५२ आणि १८५४ अशी दोन जन्मसालं दिसली तर ती चूक असेल किंवा खरोखरच दोन मुलं असतील. आईवडील, जोडीदार, मृत्यूची नोंद हे सगळं जुळल्याशिवाय मर्ज नको.

पुरावा नसलेल्या तारखा घेऊच नका, असं माझं मत. घ्यायच्याच असतील तर 'अमुक संशोधकाकडून, पडताळणी झालेली नाही' अशी टीप लावा. हयात व्यक्तींची माहिती मात्र त्यांच्या परवानगीशिवाय ऑनलाइन टाकू नका.

आणि हो, ५.५.१ आवृत्तीच्या जेडकॉममध्ये फोटो येत नाहीत, फक्त ते कुठे साठवले आहेत त्या फाइलींचे पत्ते येतात. फोटो वेगळे मागून घ्या.