फोंडा घाटात उकळणारी ओम्नी

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. माझ्याकडे 2007 ची मारुती ओम्नी आहे. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या घेऊन कोल्हापूरला जाताना फोंडा घाटात काटा लालवर गेला आणि रेडिएटरच्या झाकणातून पाणी उकळून बाहेर आलं. हायवेला गाडी तापत नाही. घाटात आणि बाजारातल्या गर्दीत तापते. गेल्या वर्षी एका मेकॅनिकने ‘आपल्या हवेत गरज नाही’ म्हणून थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याची झडप) काढून टाकला. पाणी घरच्या विहिरीचं घालतो, घर खाडीलगत आहे. सध्या पावसात गाडी घर ते बाजार एवढीच फिरते आणि ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस दिसायला लागलाय. तो बघून दुसऱ्या गॅरेजवाल्याने हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालचं सील) गेलं असं सांगितलं. खर्च वीस-बावीस हजार. चतुर्थीला मुंबईची माणसं येणार, त्यांना कणकवली स्टेशनवरून आणायचंय. काय करू?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : दादा, एवढ्यावरून इंजिन खोलू देऊ नका. गॅस्केट गेलंच नसेल असं मी इथे बसून छातीठोक सांगणार नाही, पण तुम्ही लिहिलेल्या खुणा दुसरीकडे बोट दाखवतायत.

आधी त्या फेसाचं बघू. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, बाहेर काढा आणि पांढऱ्या फडक्यावर पुसा. ऑइल दुधाच्या चहासारखं गढूळ दिसलं तर पाणी ऑइलमध्ये शिरलंय आणि गाडी तिथेच बंद ठेवायची. पण काडीवरचं ऑइल स्वच्छ आणि फेस फक्त झाकणाखाली, असं असेल तर ती बहुतेक वाफ आहे. इंजिनात तयार होणारी वाफ इंजिन नीट तापलं तर उडून जाते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओल, त्यात तुमची फेरी दोन-तीन किलोमीटरची, आणि त्यात थर्मोस्टॅट काढलेला. इंजिन तापायच्या आत तुम्ही घरी पोचता. वाफ वरच्या गार झाकणाला लागते आणि ऑइलबरोबर घुसळून तिचा पांढरा लोण्यासारखा थर होतो.

थर्मोस्टॅट काढायची ही सवय कोकणात फार पसरली आहे आणि मला ती मनापासून खटकते. थर्मोस्टॅट साधारण 82 अंशांना उघडायला लागतो. तोवर तो इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर तापतं. घाटात तो पूर्ण उघडलेलाच असतो, मग तो काढून तिथे फायदा काय? तोटा मात्र रोजचा : पेट्रोल जास्त, झीज जास्त आणि झाकणाखाली फेस. नवीन बसवून घ्या.

आता तापण्याचं. हायवेला वारा आपोआप रेडिएटरमधून जातो. घाटात दुसऱ्या गिअरवर आणि बाजारात खोळंबल्यावर तो वारा नसतो, सगळी भिस्त पंख्यावर. म्हणून माझा पहिला संशय पंख्यावर आहे. गाडी अंगणात उभी करून चालू ठेवा. काटा मध्याच्या वर जायला लागला तरी पंखा फिरला नाही, तर इंजिन लगेच बंद करा. मग पंख्याला बॅटरीवरून थेट वायर देऊन बघायला सांगा. थेट दिल्यावर फिरला तर मोटर चांगली आहे. दोष फ्यूज, रिले, सेन्सर किंवा अर्थिंगमध्ये, म्हणजे बॉडीला जोडलेल्या वायरीत. आमच्याकडे किनाऱ्यावरच्या गाड्यांत बऱ्याचदा अर्थिंगच सापडतं. बॉडीला कसलेल्या त्या बोल्टखाली खाऱ्या हवेने हिरवट-तांबूस बुरशी धरलेली असते. वायर वरून धड दिसते, करंट मात्र पोचत नाही. बोल्ट काढायचा, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायचा, परत आवळायचा आणि वर ग्रीस लावायचं. एवढ्या कामासाठी हेड उतरवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

पंखा ठीक असेल तर रेडिएटरच्या जाळीतून पलीकडचा उजेड दिसतो का बघा. लाल माती बसून ती बुजते. आतल्या बाजूने पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. जोराच्या प्रेशरने पाती वाकतात. वॉटर पंपाचा पट्टा सैल नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

रेडिएटरच्या झाकणाकडे कोणी लक्षच देत नाही. 0.9 किलो दाबाचं झाकण धड असेल तर आतलं पाणी जवळपास 118 अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं की तेच पाणी शंभरलाच उकळून बाहेर येतं. नवीन झाकण स्वस्त आहे, घेऊन टाका. फक्त गरम इंजिनावर झाकणाला हात लावू नका. अर्धा तास तरी थांबा, मग फडकं धरून सावकाश. आणि पाणी सांडून खाली गेलं की काटा उलट खाली येऊ शकतो, कारण सेन्सरला पाणीच लागत नाही. काटा उतरला म्हणजे गाडी गार झाली असं धरून घाट चढू नका.

खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी आजपासून बंद. ओम्नीचं हेड अॅल्युमिनियमचं आहे, मीठ त्याला आतून खातं. रेडिएटर साफ करून तयार कूलंट भरा.

एवढं करूनही तापली तर गॅस्केटची परीक्षा घ्या. गार इंजिन, रेडिएटरचं झाकण उघडं, गाडी चालू. सुरुवातीचे बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, ते थांबतात. न थांबता येत राहिले आणि रेस केल्यावर वाढले, तर गॅस पाण्यात येतोय. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायला सांगा. तिन्ही सिलिंडरमध्ये 1 किलोपेक्षा जास्त फरक नको. तिथेही नापास झाली, तर हेड उतरवणं रास्त आहे. तेव्हा पट्टी लावून हेडचा बाक तुमच्यासमोर मोजून घ्या. 0.05 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर फेसिंग, म्हणजे हेड घासून सपाट करणं, लागणारच. नुसतं गॅस्केट बदललं तर पुढच्या मे महिन्यात तुम्ही पुन्हा फोंड्यात उभे.

चतुर्थीच्या आधी पंखा, झाकण, थर्मोस्टॅट, कूलंट एवढं उरकून घ्या. स्टेशनला जायच्या आधी अर्धा-पाऊण तास हायवेला सलग चालवून बघा. ऑइलच्या झाकणाखालचा फेस आधी पुसून टाका आणि परत आल्यावर तिथे पुन्हा बघा.

प्रश्न : माझी 1998 ची कार्ब्युरेटरवाली ओम्नी पावसात सकाळी मिसिंग करते, दुपारी ऊन पडलं की सुरळीत. कार्ब्युरेटर दोनदा साफ केला.
– एक वाचक, हर्णै

उत्तर : ताई, कार्ब्युरेटर ऊन-पाऊस ओळखत नाही. ओल करंट खातेय. पहाटे अंधारात पुढची सीट उचलून इंजिन चालू करा आणि हात न लावता नुसतं बघा. प्लगच्या वायरींवर किंवा डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर निळ्या ठिणग्या सरपटताना दिसल्या तर वायरींचा सेट आणि टोपी बदला. टोपीला आतून केसासारखी काळी रेघ असेल तर ती घासून जात नाही, टोपीच बदलावी लागते.