पक्षीनिरीक्षणासाठी पावसाळी जॅकेट

प्रश्न : पावसाळ्यात आम्ही इंदूरहून चोरल, पाताळपाणी, जानापाव या भागांत पक्षी पाहायला जातो. इंग्लंडमधला भाचा तिकडचे शिकारी वापरतात तसे मेण मुरवलेल्या सुती कापडाचे जॅकेट पाठवू म्हणतो. ते इथे चालेल का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ते जॅकेट उत्तम असते, पण थंड प्रदेशातील पावसासाठी. घट्ट विणीचे कापड काटेरी झुडपांत सहसा फाटत नाही आणि हालचाल करताना फारसे सळसळतही नाही. शिकारीत (जी आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे) आणि पक्षी पाहतानाही हा गुण मोलाचा ठरतो. मात्र ते जड असते, मशिनमध्ये धुता येत नाही, अधूनमधून पुन्हा मेण लावावे लागते आणि घामाची वाफ सहज बाहेर जात नसल्यामुळे जुलैच्या दमट हवेत जानापावचा चढ चढताना आपण आतूनच भिजतो.

त्यापेक्षा वाफ बाहेर सोडणारा पातळ पडदा असलेले हलके जॅकेट घ्यावे. लेबलवरील जलरोधकतेचा आकडा १०,००० मिलिमीटरच्या आसपास असावा, परंतु त्याआधी शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते पाहावे, कारण पाणी बहुधा तिथूनच शिरते. काखेत चेन असल्यास फारच सोय होते. दुकानातच कापड चुरगाळून आवाज ऐकावा; रंग मातकट निवडावा.

भाच्याचे मन मोडवत नसेल, तर त्याचे जॅकेट जानेवारीत पहाटे सिरपूर तलावावर वापरावे. गार वारा ते चांगला अडवते.