खिम्याचे कोफ्ते: तेल कमी केल्यावर कोरडे का होतात?

प्रश्न: डॉक्टरांनी तळलेले बंद करायला सांगितल्यापासून मी मटणाच्या खिम्याचे कोफ्ते ओव्हनमध्ये भाजते. ते कोरडे होतात आणि रश्श्यात सोडले की फुटतात. काय चुकते आहे?

उत्तर: भाजण्यात चूक नाही; चूक बहुधा त्याआधीच्या मळण्यात आणि मिश्रणात असावी. खिम्यातील चरबी चव देतेच, शिवाय शिजताना आकसणाऱ्या प्रथिनांच्या मध्ये राहून गोळा मऊ ठेवते. ती कमी केली की तिचे काम दुसऱ्या कशाकडे तरी सोपवावे लागते. पूर्वी हे काम दुधात भिजवलेल्या पावाकडे असे. माझी पसंती मात्र पंढरपुरी डाळ्याच्या पिठाला आहे, कारण त्यात पावापेक्षा प्रथिने व तंतू अधिक असतात आणि मीठ नसते. अर्धा किलो खिम्याला तीन मोठे चमचे पीठ घेऊन ते पाव वाटी दुधात दहा मिनिटे भिजवावे आणि मगच खिम्यात घालावे. कोरडे पीठ थेट घातले तर ते खिम्यातलेच पाणी शोषते आणि गोळे आणखी घट्ट होतात.

फुटण्याचे कारण वेगळे आहे. मांसातील काही प्रथिने मिठात विरघळतात व चिकट होतात, आणि गोळा बांधून धरतो तो हाच चिकटपणा. म्हणून आधी फक्त थंड खिमा आणि मीठ दोन-तीन मिनिटे मळावे आणि तो हाताला चिकटू लागला की बाकीचे जिन्नस मिसळावेत. कच्चा कांदा घालायचा असल्यास चिरून घट्ट पिळून घ्यावा. त्याला सुटणारे पाणी गोळे फोडण्यास पुरेसे असते. कच्च्या पपईचा मोह कोफ्त्यांत टाळावा, कारण खिमा आधीच बारीक असतो आणि पपई त्याचा लगदा करते.

ओव्हन २०० अंशांवर आधी तापवून २५ ग्रॅमचे गोळे १५ ते १८ मिनिटे भाजावेत. ओव्हन नसेल तर आप्पेपात्र उत्तम: वीस गोळ्यांना दोन लहान चमचे तेल पुरते, म्हणजे सगळ्या घाण्यात मिळून तेलाच्या साधारण ८० कॅलरी.

प्रश्न: मटणापेक्षा चिकनचा खिमा नेहमीच हलका असतो ना?

उत्तर: नेहमीच नाही. बोकडाचे मांस मुळात कमी चरबीचे असते, तर चिकनचा खिमा कातडीसकट काढला असेल तर हिशोब उलटतो. तयार खिमा न घेता मांडीचा तुकडा निवडून, वरची चरबी काढायला लावून समोर खिमा करून घ्यावा. चिकनमध्ये नुसत्या छातीच्या मांसाचे कोफ्ते हटकून कोरडे होतात; त्यात निम्मे कातडी काढलेले तंगडीचे मांस मिसळावे.

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहतो. येथे टर्कीच्या खिम्यावर ‘९३ टक्के लीन’ असे लिहिलेले असते. म्हणजे चरबी नगण्यच समजायची का?

उत्तर: तो आकडा वजनाचा आहे. उरलेली सात टक्के चरबी म्हणजे १०० ग्रॅम कच्च्या खिम्यात ७ ग्रॅम, म्हणजेच ६३ कॅलरी चरबीतून येतात. तरी कोफ्त्यांसाठी हाच खिमा घ्यावा. ९९ टक्केवाल्याचे कोफ्ते माझ्या मते खाण्यापेक्षा फेकून मारण्याच्या लायकीचे होतात.

प्रश्न: वडिलांना रक्तदाब आहे. कोफ्त्यांत मीठ किती घालावे?

उत्तर: जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाच्या पोटात दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावे. अर्धा किलो खिम्याला सपाट अर्धा लहान चमचा, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम मीठ घातले तर चौघांत प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण ग्रॅम येते आणि खिमा बांधला जाण्याइतके तेवढे पुरते. याहून कमी करायचे असल्यास एका अंड्याचा पांढरा बलक घालावा. खरा धोका तयार मसाल्यांत आणि सॉसमध्ये लपलेल्या मिठाचा असतो, तेव्हा पाकिटावरील सोडियमचा आकडा वाचावा. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

प्रश्न: कोफ्ते आतून शिजले हे रंगावरून ओळखता येते का?

उत्तर: खात्रीने नाही, आणि आपल्या हळद-तिखटाच्या मिश्रणात तर मुळीच नाही. अखंड तुकड्याच्या पृष्ठभागावर असलेले जंतू खिमा करताना आतपर्यंत मिसळतात, म्हणून मध्यभागाचे तापमान महत्त्वाचे. ते मटणासाठी ७१ आणि कोंबडी वा टर्कीसाठी ७४ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचावे. तापमापक नसेल तर भाजलेले गोळे उकळत्या रश्श्यात आणखी दहा मिनिटे शिजवावेत. कच्चा खिमा फ्रिजमध्ये एक-दोन दिवसांपलीकडे ठेवू नये. त्यापेक्षा गोळे वळून ताटात सुटे गोठवावेत आणि मग डब्यात भरावेत. असे ते तीन महिने चांगले राहतात.

प्रश्न: कोफ्ते भाजले, पण रश्श्यावर तर्री हवीच असे घरचे म्हणतात. मग उपयोग काय?

उत्तर: घरच्यांचा आग्रह कळतो, पण भाजून वाचवलेले तेल अशा रश्श्यात व्याजासह परत येते. एका मोठ्या चमचाभर तेलाच्या सुमारे १२० कॅलरी होतात आणि वाटणातल्या सुक्या खोबऱ्याचे निम्म्याहून अधिक वजन स्निग्धांशाचे असते, तोही प्रामुख्याने संपृक्त. खोबरे निम्मे करून कोरडेच भाजावे, कांदा थेट आचेवर खरपूस करावा आणि दाटपणासाठी पुन्हा डाळ्याचे पीठ वापरावे. रंगासाठी बेडगी मिरची भिजवून वाटावी. कोफ्ते रश्श्याला उकळी आल्यावरच सोडावेत आणि डाव न घालता भांडे धरून हलवावे. शक्य असल्यास मटणाचा रस्सा आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवावा; सकाळी वर गोठलेला चरबीचा थर चमच्याने अलगद उचलून काढता येतो.